देवास नाक्यावरची जोंगा

बॉनेट उघडण्याआधी मी त्यावर तळहात ठेवला.
कोमट.
काल फोनवर बजावलं होतं, रात्रभर थंड राहू द्या,
सकाळी पहिली चावी मी मारेन.
हातिमभाई खाकरले, "दीदी, जरा सरकवली होती,
टँकरला वाट द्यायला."
टँकर कुठे दिसेना.
जानेवारी, आणि त्यांच्या कपाळावर घाम.

महूच्या लिलावातून निघालेली गाडी.
हिरव्यावर केशरी, केशरीवर परत हिरवा.
दारावर चुंबक तीन ठिकाणी चिकटला,
चौथ्या ठिकाणी घसरून चिखलात पडला.
तिथे पत्राच नव्हता, नुसती पुट्टी.
टिचकी मारली तर पिकल्या भोपळ्यासारखी बोलली.

मग खताची गोणी पसरून मी खाली शिरले,
टॉर्च दातांत.
चेसिसच्या डाव्या दांडीवर एक वेल्ड,
घाईचा, वारुळासारखा.
ट्रान्स्फर केसमधून थेंब, मिनिटाला सात.
शाफ्ट कापून आखूड केलेला.
हे सगळं वहीत.

आरसी बुकात अजून लिहिलंय: पेट्रोल, सहा सिलिंडर.
आत बसलंय ट्रॅक्सचं डिझेल, चार,
कधीकाळी खंडवा रोडवर चौदा माणसं
आणि टपावर लसणाची पोती ओढून दमलेलं.
सहाच्या जागी चार,
म्हणून पंखा आणि रेडिएटरच्या मध्ये हातभर पोकळी.
तिच्या एका कोपऱ्यात चिमणीने काड्या रचलेल्या.
म्हणजे आज सकाळपर्यंत
ही गाडी कित्येक महिने जागची हललेली नाही.
टँकर गेला खड्ड्यात.

पण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये
टॉर्च थबकला.
बोटभर जाडीची पोलादी प्लेट.
एका अंगाची भोकं जबलपूरच्या मापाची,
दुसऱ्या अंगाची पुण्याच्या.
बावीस वर्षं मी पिथमपूरच्या टूलरूममध्ये काढली,
कडेवरून बोट फिरवलं की कळतं
कोणाचं टूल बोथट होतं, कोणाला बस पकडायची होती.
ही कड गुळगुळीत.
जिथे कोणी कधी पाहणार नाही
तिथलीही धार त्याने मोडून ठेवलेली.

पुण्याची चुलतबहीण मला हसते,
"काय करून राहिलीस" म्हणते मी म्हणून.
आई सांगलीहून आली एकोणिसाव्या वर्षी.
मल्हारगंजात भाजीवाल्याला जुडी कळेना
आणि तिला गड्डी.
घासून घासून तिने एक बोली बसवली
जिची भोकं दोन्हीकडे जुळत.
तिच्यात तीस वर्षं कोथिंबीर घेतली,
भाडेकरू काढला,
माझं ठरलेलं लग्न मोडलं.
तिच्या बोलीला कोणी व्याकरण विचारलं नाही.
मीही नाही. विचारायला हवं होतं.

चावी मारली. पांढरा धूर, मग निळा,
मग बराच वेळ काही नाही, नुसती धडधड.
ऑइलचं झाकण काढून तळहात धरला,
वाफ अंगावर आली, सोसवेल इतकीच.
स्टिअरिंगला चार बोटं ढील.
कागद आडवा धरून पेन्सिल घासली,
चेसिस नंबर वर आला, एकेक आकडा, सगळे.
इंजिनच्या नंबरातले शेवटचे दोन उमटेनात.

"साडेचार लाख," हातिमभाई म्हणाले.
मी म्हटलं, तीन, आणि नायता मुंडल्याचे खेटे तुमचे.
ते आभाळाकडे बघून हसले.
"ती प्लेट कोणी केली?"
"पालद्याचा एक पोरगा होता. नाव...
पैशांवरून भांडण झालं होतं आमचं.
कमीच दिले होते त्याला, खरं सांगतो."
सकाळपासूनचं हे पहिलं खरं.

बयाणा दिला नाही अजून.
घरी भाचीने दाखवलं:
कुर्त्याच्या पाठीवर डिझेलने भिजून
गोणीची अक्षरं उमटलेली, निळी, उलटी.
आरशासमोर धरली असती तर वाचता आली असती.
मी तशीच भिजत घातली.