गुरुवारची मगर

लोक विचारतात, शितोळे, तुमच्या मुलीनं असं केलं तरी काय?
तीस हजार माणसं दर गुरुवारी
एका मगरीची वाट बघतात म्हणे.

मी वीज मंडळातून निवृत्त.
जन्मभर मीटर वाचले.
आकडा किती, ते मीटर सांगतं,
का वाढला, ते सांगत नाही.

पहिलं वर्षभर अकरा वाचक.
त्यातले तीन ह्याच घरातले,
एक कारेलीबागेतली मैत्रीण, नुसताच अंगठा दाखवायची.
मगर विश्वामित्रीच्या पुरात वाहत आलेली,
दांडिया बाजारात तिसऱ्या मजल्यावर
बनियन घालून भाड्यानं राहायची
आणि पाण्याच्या टाकीवरून घरमालकाशी
अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत भांडायची.
"मी काय असा बोलतो?"
यामिनी म्हणाली, "बाबा, ती मगर आहे."
बायको गवार निवडता निवडता हसली.
तेव्हाच समजायला हवं होतं.

सल्ले पुष्कळ आले.
रेघ कच्ची आहे. रंग भर. रोज टाक.
मांजर घे, मांजर चालते.
ती ऐकून घ्यायची, आणि गुरुवारी मगर काढायची.
उत्तरायणात बोटं मांज्यानं कापलेली असताना.
नवरात्रात रात्री दोनला गरब्याहून येऊन,
सुजलेले पाय बादलीत ठेवून.

मग बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं.
तो गुरुवार होता.
औषधाच्या बिलाच्या पाठीवर, बॉलपेननं,
वॉर्डाबाहेरचा बाक.
बाकावर मगर, मांडीवर डबा.
शब्द एकही नाही.
आणि मगरीचे पाय
जमिनीला टेकत नव्हते.

चार तास बसलो होतो मी तिथे.
माझे पाय टेकत नाहीत
हे मला बासष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री तिचा फोन
उपड्या झुरळासारखा टेबलावर थरथरत फिरत होता.
सुरतेच्या कुणी लिहिलं, हाच बाक आमच्याकडेही आहे.
जतच्या एका बाईनं लिहिलं, डब्यात काय होतं?
एकानं फक्त एवढंच: "अण्णा."

बायको घरी आली, चित्र चष्म्याजवळ धरून म्हणाली,
"आपला डबा तीन पुडांचा. चार कुठून काढलेस?"
त्यावर अनोळखी माणसं
दोन दिवस भांडली,
जणू डबा त्यांच्याच ओट्यावरचा.

आता विचारणाऱ्याला मी काय सांगू?
काल मंगळबाजारात एक पोरगा आडवा आला,
"काका, मोढुं खोलो ने!"
मी इकडेतिकडे पाहिलं.
पिशवी खाली ठेवली.
आणि उघडलं, चांगलं कानापर्यंत.

वरची डावी दाढ पडलीय माझी.
यामिनीनं ती अजून काढलेली नाही.
आज बुधवार आहे.