सरळ रेषेत

पेडण्याच्या बाजारात, मासळीवाल्यांच्या अंगाला
माझं झेरॉक्सचं दुकान. तिकिटंही काढून देतो.
बिटुपन आला तेव्हा त्याच्या हातांना
मांद्र्याच्या शॅकमधल्या लसणीचा वास होता.
दादा, मोपा ते दिब्रुगढ, किती लांब?

भाडं विचारतोस की वेळ?
आधी लांब किती ते सांगा, म्हणाला.

मुलाचा शाळेतला नकाशा पसरला,
शिवणाच्या दोऱ्याचं टोक
अंगठ्यानं मोप्यावर दाबून धरलं.
दोरा विजापूरवरून निघाला,
बस्तरच्या हिरव्यात शिरला,
परक्या देशाचा एक कोपरा
न विचारता ओलांडून
ब्रह्मपुत्रेच्या वळणावर पोचला.
अडीच हजार किलोमीटर, वर थोडं.
सरळ उडालं तर साडेतीन तास.

पण सरळ विमान नाही.
कोलकात्यात उतर, पाच तास बस,
सगळं धरून दहा तास चाळीस मिनिटं.
पुढं धेमाजीची बस, पुलावरून.
आधी फेरीबोट होती, म्हणाला, तुमच्या केरीसारखी,
फक्त पलीकडचा काठ दिसायचा नाही.

मग बोटं मोजत बसला.
आणि बोंडू किती तास टिकतो?

बहीण नववीत. तिला वाटतं
काजू शेंगेत येतो, भुईमुगासारखा.
बी फळाच्या बाहेर लटकते म्हटलं तर
खोटारडा म्हणाली. फोटो पाठवला,
तर म्हणे, फोटो हल्ली कसलेही होतात.

मी दोरा गुंडाळायचा थांबलो.
जिथं टोक दाबलं होतं
तिथं आमचं भाट होतं.
एकशे बारा झाडं. आता विमानांची चाकं टेकतात.
पैसे मिळाले, नाही असं नाही.
हे मशीन त्यातलंच.

बोंडूचं गणित मला कुणी शिकवू नये:
सकाळी पडलेला दुपारपर्यंत गोड,
तिन्हीसांजेला माश्या,
रात्री आंबूस,
दुसऱ्या दिवशी भट्टीशिवाय त्याला वाट नाही.

चुलतभाऊ उल्हासची काही झाडं अजून आहेत,
सड्याच्या उतरणीला. काळोखातच गेलो,
देठासकट कापले, जरा कच्चेच, सहा.
केळीचं पान, स्टीलचा डबा.
तपासणीत डबा उघडला म्हणे,
शिपायानं हुंगला,
आणि काही न बोलता झाकण लावलं.

त्या दिवशी दुकानावरून गेलेलं प्रत्येक विमान
मी मान वर करून पाहिलं.
कोलकात्याचं कुठलं, ते काही कळलं नाही.

दुसऱ्या पहाटे फोन. पाच वाजून दहा.
माझ्याकडे मिट्ट काळोख,
त्याच्याकडे कोंबडे आरवून थकलेले, अंगणात ऊन.
घड्याळ दोघांचं एकच.
पाच नासले दादा, बॅगेला वास मारतोय.
एक राहिला.

मागून कुणीतरी खाकरलं,
पुन्हा खाकरलं, मग हसायला लागलं.
घशात धरला तिच्या, तो म्हणाला.
इथं अंधारात, चूळही न भरलेल्या तोंडानं
मी आवंढा गिळला.

आता विचारते आहे, बी भाजायची कशी?
परसात भाज म्हणावं, घरात नको,
तोंड लांब धर. चीक उडतो.
आणि चांगला कपडा घालू नकोस म्हणावं,
तो डाग जात नाही.