तीन नखं

मंडईहून परतताना डोंग्यात आम्ही सहा जणी,
जागा तिघींची. वल्हं कवडूचं.
दंडारीतल्या राजाची नक्कल करायला कला उभी राहिली,
कुणीतरी म्हणालं, बस वं खाली,
आणि तलाव आमच्या तोंडात आला.

एवढंच सलग आठवतं.
बाकीचं शिंगाड्याच्या वेलासारखं,
एक ओढावं तर चार गुंतून वर येतात
काट्यांसकट, शेवाळासकट.

कवडूनं मला केसांना धरून काढलं.
मला एकटीला.

"तू जवळ होती म्हनून," तो सांगतो.
कधी सांगतो, "तुयाच आवाज आला."
मी ओरडलेच नव्हते.
तोंडात तलाव होता.

त्याच्या राखणीच्या झोपडीत, पाळीवर,
माझा हा दुसरा महिना.
गावात चार घरं माझ्याकडे बघत नाहीत.
पाचवं माझं. तिथं आई रोज कलाचं ताट वाढते
आणि मला विचारते, तू कशी आली?
हे कवडूला माहीत आहे, म्हणून तो म्हणतो,
"तिकडं नोको जाऊ."
म्हणून तो मीठ आणतो, सुकवलेल्या झिंग्या,
एकदा हिरव्या बांगड्या.
त्या मी भरल्या नाहीत. फोडल्याही नाहीत.

रात्री जाताना ताटी बाहेरून बांधतो.
"बिबट फिरते."
फिरतोही. सकाळी चिखलात पंजे दिसतात.
तो खोटं बोलत नाही,
तेच तर.

आशाताई आल्या होत्या गोळ्या द्यायला.
म्हणाल्या, झोप लागते का? घरी जायचं का?
कवडू जाळं सांधत होता, मान खाली.
मी म्हटलं, लागते.
त्यांनी गोळ्या मोजल्या,
मग उगाच पुन्हा मोजल्या.

माझ्या डाव्या मनगटावर तीन ओरखडे आहेत.
कलाचे. तिच्या करंगळीचं नख लहानपणी विळ्यानं गेलं
ते परत आलंच नाही.
दुसऱ्या कुणी बोचकारलं तर चार उठतात,
तिचे तीन.

परवा कंदिलाशी कवडूची बाही सरकली.
कोपराखाली, आतल्या बाजूला,
तीन.

मी बघितलं हे त्यानं बघितलं.
"मरळ चावली," म्हणाला.
आम्ही दोघंही ढिवराची लेकरं.
मरळीला नखं नसतात.

तेव्हापासून मी पाण्याखाली जाऊन जाऊन बघते.
एक हात माझ्या केसांत.
दुसरा कलाकडे गेलेला.
तो तिला धरतोय
की माझ्या मनगटावरून सोडवतोय?
पाणी काळं.
ओरखडा दोन्ही वेळी सारखाच पडतो.
आणि सोडवलं असेल
तर मला वर आणायलाच ना.
मग हे मी विचारू कुणाला?

आज बाजार. शेवटचे शिंगाडे पलीकडे न्यायचे.
सकाळी ताटी उघडीच होती, पहिल्यांदा.
विसरला असेल.
किंवा बघत असेल कुठून तरी.

मी पाळ उतरले.
तो डोंग्यात उभा, पोती रचलेली,
एका माणसापुरती जागा.
"चाल, अनुसया,"
आणि हात पुढं केला. तोच.

तोल सावरायला मी तो धरला
कोपराखाली, आतल्या बाजूला,
तीन बोटं तिन्ही खुणांवर बरोबर ठेवून.
महिनाभर मी नखं कापलेली नाहीत.

तो काही बोलला नाही.
डोंगा हलला.