आल्यागेल्यावर नजर

माझ्या वाट्याला सोळा चौकोन.
सातवा अपोलो बंदरचा, कठड्याच्या वळणावरचा.
कबुतरांनी भिंगावर घाण केली
की अर्धा समुद्र पांढरा दिसतो
आणि पेडणेकर साहेब विचारतात,
पुसायला कळवलं का?
कळवलंय. तीनदा.

पाच वीसला सातव्यात लाल चौकट उमटली.
यंत्र माणसाभोवती रेघ आखतं,
आम्ही मोऱ्याच्या धक्क्यावर
मुंगीभोवती खडूने ओढायचो तशी.
खाली अक्षरं :
एकटी व्यक्ती. हालचाल नाही. चाळीस मिनिटे.

मनगटाला सहलवाल्यांची निळी पट्टी.
पट्टीने सगळं सांगून टाकलं, काही न विचारता :
पार्बताबाई नेवारे, वय एकाहत्तर, तालुका साकोली.
रक्तगट बी. साखर आहे. उजव्या कानाने कमी ऐकू येतं.
तातडीसाठी पुतण्या, हेमराज.
बस क्रमांक दोन,
जी म्युझियमच्या कोपऱ्यावर उभी राहून डोकी मोजत होती.
एक्केचाळीस.
पुन्हा एक्केचाळीस.

मी चित्र जवळ ओढलं.
चपला काढून ठेवलेल्या, जोडीने,
देवळाबाहेर ठेवतात तशा.
पिशवी मांडीत, पिशवीचा बंद मुठीत.
म्हणजे भान आहे.
फोटोवाला पोरगा आला, तिने मान हलवली.
फुगेवाला आला, त्यालाही.
मांडव्याची लाँच सुटली तेव्हा मात्र
तिने हात वर केला, बराच वेळ.
त्या लाँचमध्ये तिच्या ओळखीचं
कोण असणार?

नियम असा, की लाल झालं
की दोन मिनिटांत गस्तीला कळवायचं.
मी आधी हेमराजला फोन लावला.
सापडल्या. सुखरूप आहेत.
पलीकडे माणूस रडायलाच लागला,
मागे कुणीतरी बायको असावी, ती देवाचं नाव घेत होती.
गाडी पोचायला वीस मिनिटं लागतील, मी म्हणाले,
ट्रॅफिक आहे.
मुंबईत ह्यावर कुणी शंका घेत नाही.

गस्त तिच्यापासून साठ पावलांवर उभी होती.

मी शाळेत निघाले की आई
मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची.
आल्यागेल्याची, उभ्याबसल्याची,
कुणाकुणाची नजर ती जाळायची
आणि तडतडलं नाही तर पुन्हा मूठ भरायची.
तिला अजून नीट सांगितलेलं नाही
मी पगार कशाचा घेते ते.
कॉम्प्युटरचं काम, एवढंच.

पंधरा मिनिटं मी बाकीचे पंधरा चौकोन
डोळ्याच्या कडेने पाहिले.
सूर्य तिकडे मावळत नाही, तो मागच्या बाजूला जातो,
तरी पाणी आधी तांबूस झालं, मग शिशासारखं.
ती हलली नाही.
यंत्राने चौकट जाड केली.
पेडणेकर साहेब चहाला उठले, आणि मी बटण दाबलं.

रुबिना गेली. उकिडवी बसली, डाव्या कानाशी.
मग वॉकीटॉकीवर तिचा आवाज, हसू दाबलेला :
"मॅडम, आजी काय म्हणतात ऐका.
मी हरवली नाही माय, पाणी पाहून रायली होती.
आमच्या तलावाले पार असते.
याची पार कुठी हाय, ते पाहून रायली होती."

मी म्हणाले, सावकाश आण.

नोंदीत घटनेचं स्वरूप निवडावं लागतं.
हरवणे, चोरी, बुडणे, छेडछाड, इतर.
इतर निवडलं की कारण लिहावं लागतं,
दीडशे अक्षरांत.
मी बराच वेळ रिकामी जागा बघत बसले.

तेवढ्यात सातव्यात पार्बताबाई चपला घालत होत्या,
रुबिनाच्या खांद्याचा आधार घेऊन.
रुबिनाने खांबाकडे बोट दाखवलं,
काहीतरी सांगितलं.
म्हातारीने कपाळावर हात धरून वर पाहिलं,
सरळ माझ्याकडे, कबुतराच्या डागाच्या जरा डावीकडे.
मग दोन्ही हात पुढे करून
स्वतःच्या कानशिलांवर नेले
आणि बोटं मोडली.

सातव्याला माइक नाही.
कडकड वाजली असतील तर
ती रुबिनाला ठाऊक.