डाव्या कुशीवर

पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली
आर्मासने विटा सारल्या,
माझ्या बापाच्या मोडलेल्या साउनाच्या,
अजून धुराचा वास येणाऱ्या.
वीतभर उंच हवं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.
पहिल्या रात्री आम्ही दोघं
झोपेत घसरत घसरत
सकाळी पायथ्याशी भेटलो.
खूप हसलो.
हसताना बरगडीखाली कळ आली,
तीही वहीत लिहून ठेवली.

वही बस डेपोतली आहे, निळी.
असल्याच वह्यांत एकतीस वर्षं मी लिहिलं:
डिझेल किती, सुटली किती वाजता, रस्त्यावर बर्फ किती.
आता लिहिते:
सात वाजता ओट्सची पेज. ठीक.
साडेनऊ, कॉफी, अर्धा कप.
(खोटं. पाऊण.)
दहाला जळजळ, घशाशी आंबट.
दोन वाजता उजवीकडे बोथट, जड,
ओला लोकरी हातमोजा
आत वाळत टाकून कुणी विसरल्यासारखं.

जठराचा वरचा तुकडा
पडद्यातल्या भोकातून छातीत डोकावतो,
काम नसताना येणाऱ्या शेजारणीसारखा.
आणि काळजात एक गाठ आहे, रक्तवाहिन्यांची,
चार पूर्णांक एक सेंटिमीटर.
यकृत म्हणायचं खरं तर,
पण काळीज म्हटलं की आर्मास टीव्हीचा आवाज कमी करतो.
सौम्य आहे, म्हणाले.
तिसरीतले आमचे मास्तरही सौम्य होते.
कधी ओरडले नाहीत,
फक्त वर्षभर बघत राहिले.

योएन्सूच्या इस्पितळात दोन डॉक्टर.
एक म्हणतो, दुखणं सगळं वरचं,
गाठ बिचारी निर्दोष, तिला हात लावू नका.
दुसरी म्हणते, जळजळ वरची, मान्य,
हा जडपणा मात्र... बघू या.
बघायला शंभर किलोमीटर जायचं, शंभर यायचं.
थंड जेल. पडदा माझ्याकडे पाठ करून.
यंदाही चार पूर्णांक एक.
"छान," ती मुलगी म्हणाली,
पोट पुसायला कागद देत.
छान.
बूट घालायला वाकले तर तोंडात आंबट आलं.
मग गाडीत बसले, किल्ली न फिरवता,
आणि वाईट वाटलं
की ती वाढली नाही.
वाढली असती तर दुखण्याला
निदान एक पत्ता मिळाला असता.
हे वहीत लिहिलेलं नाही.

ऑगस्टमध्ये हिल्का आली, बादल्या घेऊन.
जंगलात बेरी निळ्याशार, आणि मला वाकायला मनाई.
शेवाळात गुडघे टेकले, पाठ ताठ.
चर्चमध्येसुद्धा इतकी ताठ बसले नाही कधी.
हात पोचेल तेवढंच माझं रान.
हिल्काच्या चार बादल्या. माझी पाऊण.
तिने घरी येऊन न बोलता सगळ्या एकत्र ओतल्या,
मला राग आला, मग नाही आला.

आणि झोपायचं डाव्या कुशीवर. नेहमी डाव्या.
लग्नापासून आर्मास माझ्या उजवीकडे,
म्हणजे त्याच्या वाट्याला माझी पाठ.
सप्टेंबरभर तो पाठीशी बोलला:
ट्रॅक्टरचा टायर, विर्तानेनचं कुत्रं,
"आज किती?"
मी अंधारात बोटं वर करायची,
तीन, कधी सहा.
त्याला दिसायची का, कोण जाणे.

काल झोपायला आले
तर त्याची उशी खिडकीकडे, गार बाजूला.
बोलला काही नाही.
चष्मा ठेवायला जागा चाचपत राहिला,
पाण्याचा पेला पाडला, शिवी दिली.
आता तो घोरतो थेट माझ्या तोंडावर.
श्वासाला कॉफीचा वास येतो,
माझ्या वाट्याचीही त्यानेच ढोसलेली असणार.
मी डोळे मिटून पडून राहते
आणि नाकाने
घोट घोट
पिते.