रात्रपाळी

रंगाच्या रिकाम्या डब्यात आहे पानफुटी.
डब्यावर अजून वाचता येतं: गडद मरून, पाच किलो.
तळाला खिळ्यानं पाडलेली चार भोकं.
अंबक्का देताना म्हणाली,
"आमच्यात रणपाला म्हणतात बघ हिला.
पान मातीवर टाक. पुरू नको, नुसतं टाक."

टाकलं आणि विसरले.
हजार विड्यांत चाळीस छाट निघाल्या होत्या त्या आठवड्यात,
डोकं तिकडं.
मग एका सकाळी पानाच्या काठावर,
करवतीसारख्या खाचा असतात तिथं,
खाचेखाचेत एकेक रोप,
मोहरीएवढं, पांढऱ्या मुळांसकट.

मी तीस वर्षं पानं कापते.
तेंदू भिजवायचा, पत्र्याचं माप ठेवायचं,
मधलं घ्यायचं, काठ टाकून द्यायचे.
हिचा जीव नेमका काठात.

नळाला पाणी पाचव्या दिवशी.
हिला दहाव्या दिवशी मिळालं तरी तक्रार नाही.
पान चिमटीत धरून बघावं,
टणक लागलं तर तांब्या परत ठेवावा.
नुसती काळी माती देऊ नये,
ती पाणी धरून बसते, मुळं कुजतात.
निम्मी वाळू, मूठभर विटेचा चुरा.
मे महिन्यात पत्रा तापला की दाराआड सरकवावं,
माणसांना सरकायला जागा नसली तरी.

वरच्या खोलीतली स्रवंती बीएस्सीला.
सकाळी पानाचा कोपरा तोडून म्हणाली, "चावा मावशी."
चिंचेसारखं आंबट.
संध्याकाळी पुन्हा कोपरा. चवच नाही.
"दिवसा तोंड मिटून घेते, पाणी उडू नये म्हणून.
हवा रात्री आत घेते, आंबट करून ठेवते,
आणि उजाडलं की दारं लावून त्याच्यावर काम."
"म्हणजे रात्रपाळी," मी म्हटलं.

मल्लेशम बावीस वर्षं रात्रपाळीला,
समोरच्याच शेडमध्ये, आठ मागांवर.
सातला घरी यायचा, कानात कापूस,
तोंडावर ओला टॉवेल टाकून झोपायचा.

सात वर्षं फूल नाही.
शेण घातलं, केळीची सालं घातली, चहाची पावडर.
स्रवंतीनं खिडकीकडं बोट केलं.
शेडच्या ट्यूबा रात्रभर आमच्या भिंतीवर.
"थंडीत रात्री लांब होतात, त्या मोजते ही.
मधे उजेड आला की मोजणी पहिल्यापासून.
मावशी, तुमच्या खिडकीत रात्रच होत नाही."
डबा आत न्यावा म्हटलं.
आत कुठं?

दिवाळीनंतर शेडला कुलूप लागलं.
माग किलोवर गेले, दोन टेम्पो.
पहिल्या रात्री शांततेनं मला झोप नाही.
मल्लेशम होटगी रोडच्या एका बिल्डिंगवर वॉचमन आता,
पाळी तीच, खुर्ची नवी.
समोर अंधार, काळ्या घोंगडीसारखा जाड.

गड्डा भरला तेव्हा दांडा हातभर वर आला होता.
पोरं पाळण्यात बसून ओरडत होती तिकडं,
इकडं दांड्याला कंदील लोंबत होते,
हिरवट गुलाबी, आत हवा भरलेले,
आणि प्रत्येकाच्या आतून खाली डोकं काढून
एक लाल फूल, चार टोकांचं.

सातला तो आला. चपला हातात,
उंबऱ्यातच थांबला.
"कधीपासून?"
मी म्हटलं, "चार दिवस."
खरं उत्तर दुसरं होतं, ते त्यालाही येत होतं.
एक कंदील त्यानं बोटांत धरून दाबला.
फट्.
हसला जरासा. मग टॉवेल ओला करून आडवा झाला.

मी खालचं एक जाड पान काढलं,
अंबक्काच्या नातीसाठी, कागदात ठेवलं.
कागदातसुद्धा फुटतं ते.
माती मागाहून दिली तरी चालते.