ओठांनीही

पोरगं सव्वादोन वर्षांचं. नाव एलिसेओ.
खिनोतेगाच्या डोंगरातून आई घेऊन आली,
कॉफीच्या पोत्यांवर बसून, ट्रकनं.
दामारिस. पायांत नवऱ्याचे बूट.
वाचता येत नाही म्हणाली, म्हणून मीच वाचते.
वीस प्रश्न. होय किंवा नाही.
पेन्सिल सुतळीनं टेबलाला बांधलेली,
पेन्सिलींना पाय फुटतात इथे.

हाक मारली की वळून बघतो का?
होय, म्हणाली.
दाराबाहेर बसलेल्या सगळ्याच होय म्हणतात,
सरकारी कागदाला नाही म्हणायची रीत नाही.
मी पेन्सिल टेकवली नाही. थांबले.
मग हळूच:
तीन घरांपलीकडे कुणी तोर्तिया थापली
तरी धावत सुटतो. कान तिखट आहेत त्याचे.
नावाशीच तेवढं काही घेणंदेणं नाही.

प्रश्न सातवा.
हवी ती वस्तू बोटानं दाखवतो का?
ती माझ्याकडे बघतच राहिली.
बोटानं कोण दाखवतं, बाई?
बोट चोरावर रोखायचं.

खरंच होतं.
मीठ, बसथांबा, मयत झालेलं घर,
आम्ही सगळं ओठांनी दाखवतो,
हनुवटी जराशी पुढे काढून.
सकाळी तिला बाक दाखवला, तो मीही तसाच.
हे प्रश्न ज्यानं लिहिले
त्याच्या गावात बोटांना बरीच मोकळीक असावी.

मी कागद पालथा घातला.
खिडकीत एक कोंबडा येऊन बसला होता.
ओठांचा चंबू करून तिकडे नेला.
दामारिसनं पाहिलं.
तिच्या पाठीवरच्या दहा महिन्यांच्या पोरीनंही
मान वाकडी करून पाहिलं.
एलिसेओ वजनकाट्याचं तबक फिरवत होता,
थांबलं की पुन्हा, थांबलं की पुन्हा.
उजेडाचा एक कवडसा छतावरून सरके
तेव्हा तेवढ्यापुरता हसे.
दुसऱ्यांदा ओठ नेले. तिसऱ्यांदा.
कोंबडा कंटाळून उडून गेला.

चौकोनात लिहिलं: नाही.
समासात, बारीक अक्षरात: ओठांनीही नाही.
कवडशाबद्दल लिहायला जागा उरली नव्हती,
तरी लिहिलं, कागदाच्या कडेनं, उभं.

बेरीज आली अकरा.
दामारिसनं विचारलं, अकरा म्हणजे पास ना?
तिच्या भावाला शाळेत एकदा अकरा पडले होते,
त्या दिवशी घरी कोंबडी कापली होती.

मी सुतळी बोटाला गुंडाळते, सोडते.
ट्रक तीनला निघतो.
आत्ता दीड.